नाव बदलले तरी ओळख टिकावी

इंग्रजांच्या दप्तरात आपली अमरावती कधी ‘ऊमरावती’ होती, कधी ‘अमराओती’. लिव्हरपूलच्या बाजारात अकोला, खामगावचा कापूसही ‘ऊमरा’ याच नावाने विकला जाई. इमादशाहीची राजधानी एलिचपूर पुढे अचलपूर झाली. माणसांचे यात काही अडले नाही. विजेच्या जाळ्यात मात्र असे चालत नाही.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. 2005 मध्ये त्यातून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या निघाल्या. म्हणजे एकाच उपकेंद्राची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत. दरम्यान अकोला जिल्ह्यातल्या पारसचे जुने संच बंद झाले आणि 250 मेगावॉटचे दोन नवे उभे राहिले. त्यांना 1 आणि 2 म्हटले नाही. ते संच 3 आणि 4 झाले. जुना क्रमांक पुन्हा न दिल्याने जुन्या-नव्या कागदांत गोंधळ उरत नाही. नांदगाव पेठच्या 1,350 मेगावॉटच्या प्रकल्पाचा मालक ‘इंडियाबुल्स’वरून ‘रतनइंडिया’ झाला. यंत्रे तीच राहिली.

संगणकावर जाळ्याचा नमुना मांडताना जिथे तारा येऊन मिळतात त्या बिंदूला ‘बस’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’मधून, म्हणजे ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या शब्दातून आला. वाहिनीच्या नावात साधारणपणे दाब, दोन्ही टोकांची गावे आणि सर्किटचा क्रमांक असतो. एकाच मनोऱ्यावर दोन सर्किटे असली तर शेवटचा तो आकडाच जीव वाचवतो. परवाना सर्किट 1 चा आणि माणूस चढला 2 वर, तर घरी निरोपच जातो.

म्हणून 1990 च्या दशकात अमेरिकेत ‘कॉमन इन्फर्मेशन मॉडेल’ तयार होऊ लागले आणि पुढे ते आयईसी 61970 या आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्यात प्रत्येक उपकरणाला नावापेक्षा वेगळा, कधी न बदलणारा ओळखक्रमांक असतो. नाव वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. नाते जुळते ते क्रमांकावरून. स्पेलिंग चुकले म्हणून रोहित्र जाळ्याबाहेर फेकले जात नाही.

आपल्याकडे एकाच माणसाचे ‘शेख’ रेशनकार्डावर एका स्पेलिंगने, मतदार यादीत दुसऱ्याने आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याने लिहिलेले असते. हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. रोहित्राला जी सवलत मिळाली, ती माणसालाही मिळायला हवी.