किनाऱ्यावरून गळ टाकण्यासाठी काठी किती लांब असावी?

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून, फुटणाऱ्या लाटांमध्ये किंवा त्यांच्या पलीकडे गळ टाकून मासे पकडण्याच्या प्रकारास 'सर्फ फिशिंग' असे म्हणतात. गळाने मासे धरण्यासाठी कोकणात 'गरवणे' हे सुटसुटीत क्रियापद आहे. मात्र हौशी मंडळींचे गरवणे अनेकदा तळ्याकाठी किंवा धरणावर सुरू होते आणि काठीच्या लांबीचा प्रश्न प्रथम समुद्रावर गेल्यावरच पडतो.

रायपूरच्या सदर बाजारात राहणाऱ्या मराठी वाचकाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या जवळ खारून नदी आहे आणि धमतरीनजीक महानदीवरील गंगरेल जलाशय आहे. रोहू किंवा कटला धरण्यासाठी ६ ते ८ फुटांची काठी अशा ठिकाणी पुरते. सुटीत पुरी, गोपाळपूर किंवा विशाखापट्टणमला जाताना तीच काठी सोबत घेतली, तर गळ पहिल्याच लाटेबरोबर पायाशी परत येण्याची शक्यता अधिक. त्यावर उपाय म्हणून दुकानातील सर्वांत लांब काठी विकत घेणे हेही तितकेच अयोग्य आहे.

किनाऱ्यावरील काठ्या साधारणपणे ९ ते १५ फुटांच्या, म्हणजे सुमारे २.७ ते ४.६ मीटरच्या असतात. लांब काठीचे लाभ दोन. काठी फिरवताना तिच्या शेंड्याचा वेग जितका अधिक, तितके शिसे दूर जाते. ९ फुटांऐवजी १२ फुटांची काठी घेतल्यास शेंड्याचा मार्ग एक तृतीयांशाने वाढतो. परंतु हा लाभ ती काठी त्याच चपळाईने फिरवता आली तरच मिळतो. लांबीबरोबर वजन आणि हवेचा अवरोध वाढतो. मध्यम बांध्याच्या माणसाने १४ फुटांची काठी रेटण्यापेक्षा ११ फुटांची काठी झटक्यात फिरवली, तर गळ बहुधा अधिक दूर पडतो.

दुसरा लाभ कमी चर्चिला जातो, पण आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. वाळूत रोवलेल्या उंच काठीमुळे तंगूस जवळच्या लाटांच्या वर राहतो. तो खाली असेल तर प्रत्येक लाट त्याला ओढते, शिसे तळावरून सरकते आणि आमिष किनाऱ्याकडे येत राहते.

म्हणून प्रथम किनारा पाहावा. पुरीचा किनारा उताराचा असून लाटा काठाशीच जोराने फुटतात. अशा ठिकाणी मासे पुष्कळदा त्या लाटांच्या लगतच्या खोलगट पट्ट्यात फिरतात, त्यामुळे फार दूर टाकण्याची गरज नसते. तंगूस उंच ठेवण्यासाठी मात्र १२ ते १३ फुटांची काठी उपयोगी पडते. रायगड जिल्ह्यातील अनेक सपाट पुळणींवर स्थिती वेगळी आहे. तेथे ओहोटीला पाणी खूप मागे हटते आणि भरतीबरोबर मासे उथळ पाण्यात शिरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक सर्वाधिक असतो, अष्टमीच्या सुमारास भांगात तो कमी होतो. शांत हवेच्या महिन्यांत भरतीच्या वेळी अशा किनाऱ्यावर मुडदुशीसारख्या लहान माशांसाठी ९ ते १० फुटांची हलकी काठी पुरेशी असते. रावस किंवा शिंगाळ्यासाठी जड शिसे वापरायचे असेल, तर ११ ते १२ फूट योग्य. खडकावरून किंवा धक्क्यावरून गरवताना उंची आधीच मिळालेली असते. तेथे ८ ते १० फुटांपेक्षा लांब काठी अडचणीचीच ठरते.

लांबीइतकाच महत्त्वाचा आकडा काठीच्या बुडाजवळ छापलेला असतो, तो म्हणजे फेकावयाच्या वजनाची मर्यादा. लाटा आणि प्रवाह जोरदार असतील तर १०० ते १५० ग्रॅम शिसे लागते. तेवढे वजन न पेलणारी काठी १३ फुटांची असली तरी निरुपयोगी होय. जड शिसे फेकताना तंगूस तुटला, तर ते बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. म्हणून पुढच्या भागात जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. दर २८ ग्रॅम शिशामागे सुमारे साडेचार किलो ताकद, हे प्रचलित प्रमाण आहे. ११० ग्रॅमच्या शिशासाठी हा तुकडा सुमारे १८ किलोचा हवा.

मासा लागल्यावर लांबी उलटी फिरते. काठी ही तरफ आहे आणि तिचे लांब टोक माशाकडे असते. काठी जितकी लांब, तितका हातांवर ताण अधिक. किशोरवयीन मुलांना किंवा कमी उंचीच्या व्यक्तींना १० फुटांपासून सुरुवात करणे सोयीचे.

दुकानात काठी घेताना बूड काखेत धरून हात सरळ करावा. रीळ बसवण्याची जागा पंजात सहज आली पाहिजे. ती त्यापुढे गेली तर पुढचा हात ताणला जाऊन फेक कमजोर पडते.

रेल्वेने जाणाऱ्याने तुकड्यांचाही विचार करावा. १२ फुटांची काठी दोन तुकड्यांत असेल, तर प्रत्येक तुकडा ६ फुटांचा होतो. तीन तुकड्यांत असेल, तर ४ फुटांचा, आणि तो आसनाखाली मावतो. नळीत नळी सरकणाऱ्या दुर्बिणीसारख्या काठ्या अधिक आटोपशीर असतात, परंतु सांध्यांत वाळू गेली की त्या अडकतात. समुद्राच्या नियमित वापरासाठी त्या घेऊ नयेत. कोणतीही काठी वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावी.

कार्बनच्या काठ्या काचतंतूच्या काठ्यांपेक्षा हलक्या असल्याने लांबी वाढली तरी झेपतात. कार्बन मात्र विजेचा वाहक आहे. किनाऱ्यालगतच्या वीजतारांखालून अशी काठी उभी धरून नेणे जिवावर बेतू शकते. परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येताच काठी आडवी ठेवून किनारा सोडावा.