हौसेने राखलेले वस्त्र

राजांच्या वंशावळी आणि लढायांचे सन म्हणजेच इतिहास, ही समजूत आता मागे पडली आहे. माणसांनी अंगावर काय ल्याले, कशासाठी ल्याले आणि एखादे वस्त्र अखेर का टाकून दिले, यालाही इतिहास असतो. आणि तो पुष्कळदा दरबारी बखरींपेक्षा अधिक खरे बोलतो. जपानचा किमोनो हे याचे उत्तम उदाहरण होय. 'किमोनो' या शब्दाचा मूळ अर्थ 'ल्यायची वस्तू', एवढा साधा आहे. आज जपानात बहुतेक माणसे रोज पाश्चात्त्य कपडे घालतात. किमोनो उरला तो लग्नकार्यात, वीस वर्षांच्या मुलामुलींच्या समारंभात, चहाच्या विधीत आणि हौशी माणसांच्या कपाटांत. ही हौशी मंडळी जुने किमोनो गोळा करतात, कोणत्या किमोनोवर कोणता ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, शोभेल याचा खल करतात, आणि एखाद्या सुटीच्या दिवशी ते नेसून नुसते फिरावयास जातात. (बटणांवाचून, दोऱ्यांनी आणि पट्ट्याने अंगावर बसवायचे हे वस्त्र, म्हणून 'नेसणे' हेच क्रियापद आम्हांला योग्य वाटते.) परंपरा संपली, आता नुसती हौस उरली, असे यावर कोणी म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. या वस्त्राच्या इतिहासात हौस हीच जुनी असून, परंपरा म्हणून जिचा धाक घातला जातो ती पुष्कळशी कालपरवाची आहे.

प्रथम वस्त्राची घडण पाहू. किमोनोचा तागा सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम छत्तीस-सदतीस सेंटिमीटर रुंद असतो. तो सरळ रेषांत कापून, कापड जवळजवळ वाया न घालवता, किमोनो शिवतात. गळ्याबगलेचे गोल काप त्यात नसतात. त्यामुळे शिवण उसवली की तुकडे पुन्हा जोडून तागा तयार! पूर्वी उंची किमोनो धुण्याची रीतच ही होती : उसवायचा, धुवायचा, ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवायचा. आईचा किमोनो मुलीला, मुलीचा नातीच्या अस्तराला, आणि शेवटी चिंधी उशीला, असा त्याचा प्रवास चाले. जुने कपडे विकण्याचा धंदा एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, म्हणूनच भरभराटीस आला. जुना किमोनो विकत घेणे ही आजची टूम नव्हे. सामान्य नगरवासी त्या काळी बहुधा जुनेच घेत.

आजच्या किमोनोचा पूर्वज 'कोसोदे', म्हणजे अरुंद बाहीतोंडाचे वस्त्र. सतराव्या शतकात व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला आणि कोसोदेचे खरे वैभव सुरू झाले. १६६० नंतर नक्षीच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. ती चाळून बायका रंगाऱ्याला फर्माईश देत. १६८१ साली एदोतील एका धनिक व्यापाऱ्याच्या पत्नीचा थाट शोगुन त्सुनायोशीच्या दृष्टीस पडला, आणि पायरी ओलांडल्याबद्दल त्या कुटुंबाची मालमत्ता जप्त होऊन त्यांना शहराबाहेर घालवण्यात आले, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर निर्बंधांवर निर्बंध आले. जरीचे भरतकाम नको, पूर्ण बांधणीचे रेशीम नको, करडईचा उंची तांबडा रंग नको.

लोकांनी हुकूम मानला आणि त्यातूनच वाट काढली. तपकिरी आणि करड्या रंगांवर बंदी नव्हती; तेव्हा रंगाऱ्यांनी त्यांच्याच इतक्या छटा काढल्या की 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे' असा वाक्प्रचार रूढ झाला. बाहेरून साधा, आतून चित्रांकित अस्तराचा अंगरखा पुरुष मिरवू लागले. लपवलेल्या श्रीमंतीची ही जाण म्हणजेच एदोची अभिरुची. सत्तेने पेहराव ठरवून दिला. रसिकतेची जागा मात्र माणसांनी आपली आपण शोधली, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

याच काळात परदेशी कापडाचेही वेड होते. त्यातील एक धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. अलिबागजवळचे चौल हे एके काळचे भरभराटीचे बंदर. तिकडील पट्ट्यापट्ट्यांचे तलम रेशमी कापड पोर्तुगिजांनी जपानात नेले. तेथे त्यास 'चाउ-जिमा', म्हणजे 'चाउ पट्टे' हे नाव पडले, आणि हे 'चाउ' म्हणजे आपले चौलच, असे जपानी कोश सांगतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोचे विणकर तसेच कापड विणू लागले आणि त्याच्या घेरदार तुमानी तेथील पुरुष वापरू लागले. मद्रासजवळच्या सान थोमेवरून आलेले 'सान्तोमे' पट्टेही असेच. ज्या वस्त्राला आज 'शुद्ध जपानी' म्हणतात, त्याच्या उभ्याआडव्यात कोकण आणि चोळमंडल असे विणलेले आहेत.

ओबीची गोष्टही अशीच. पाठीवर चौकोनी घडीसारखी दिसणारी 'ताइको' गाठ आज अगदी सनातन वाटते. पण १८१७ साली एदोतील कामेइदो देवळाचा कमानदार 'नगारा-पूल' नव्याने बांधून झाला, त्या प्रसंगी गेइशांनी ती प्रथम बांधली असे सांगतात. ती जागेवर धरण्यासाठी दोरी आणि आतला रेशमी पट्टा हवा. तेव्हा तेही आले. एका हौशी क्लृप्तीचा पुढे शिष्टाचार झाला! याउलट, डावी बाजू उजवीवर घ्यावी हा नियम खरोखरच जुना. तो ७१९ सालच्या राजाज्ञेचा आहे. उलटी घडी केवळ प्रेताला घालतात. जुने काय आणि नवे काय, हे असे तपासूनच पाहावे लागते.

मेइजी काळात आधी पुरुषांनी, तेही सरकारी कामापुरता, किमोनो सोडला. स्त्रियांनी तो पुष्कळ काळ धरून ठेवला. कोन वाजिरो या संशोधकाने १९२५ साली टोकियोच्या गिन्झा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजणी केली. पुरुषांपैकी सदुसष्ट टक्के पाश्चात्त्य पोशाखात होते. स्त्रियांपैकी अवघी एक टक्का! त्याच वेळी इसेसाकी, चिचिबू, आशिकागा येथून 'मेइसेन' नावाचे स्वस्त रेशीम बाजारात येत होते. विणण्यापूर्वीच उभ्या धाग्यांवर रासायनिक रंग छापल्याने त्याच्या आकृत्यांच्या कडा किंचित पुसट, थरथरत्या दिसत. नोकरी करणाऱ्या मुली ते आपल्या पगारातून घेत. हंगामाची नवी नक्षी घेण्याची चैन सामान्य घरात प्रथमच शिरली.

मग युद्ध आले. १९४० च्या जुलैत चैनीच्या वस्तू बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी आली, आणि स्त्रियांच्या अंगावर शेतकऱ्यांची 'मोंपे' तुमान चढली. पराभवानंतर शहरांत उपासमार होती. बायका पेटीतील किमोनो एकेक करून खेड्यांत नेत आणि त्याच्या बदल्यात तांदूळ, रताळी आणीत. बांबूच्या कोंबाचे एकेक पापुद्रे सोलावेत तसे हे अंगावरचे वस्त्र सोलत जगणे. म्हणून त्याला 'ताकेनोको', म्हणजे बांबूच्या कोंबाचे जिणे, म्हणत. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या एखाद्या किमोनोने कधी काळी एका घराची चूल पेटवलेली असेल, हे संग्राहकाने विसरू नये.

शांतता आली तेव्हा मधली पिढी नेसणे विसरली होती. आईकडून शिकायचे ते आता शाळेत जाऊन शिकावे लागले. १९६० नंतर किमोनो नेसायला शिकवणारे वर्ग निघाले, आणि वर्ग म्हटला की पाठ्यक्रम आला, परीक्षा आली, प्रमाणपत्र आले. कोणत्या प्रसंगी कोणत्या दर्जाचा किमोनो, गळपट्टी किती सेंटिमीटर मागे, सुरकुती कोठेही नको : हे सारे काटेकोर झाले. जुन्या छायाचित्रांतल्या आज्या पाहाव्यात. किमोनो सैल, ओबी जरा तिरपा, आणि हात कामात! वर्गांनी विद्या तगवली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांनी रोजच्या वस्त्राला गणवेश केले, हेही तितकेच खरे. रस्त्यात अनोळखी तरुणीला थांबवून तिच्या ओबीतील चुका दाखवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आता 'किमोनो-पोलीस' असे थट्टेचे नाव पडले आहे.

या धाकातून वस्त्राला बाहेर काढले ते हौशी मंडळींनी. क्योतोत दर महिन्याच्या एकवीस तारखेस तोजी मंदिराच्या आवारात आणि पंचवीस तारखेस कितानो तेन्मांगू येथे बाजार भरतो. तेथे जुन्या किमोनोंचे ढीग पडतात. जुना किमोनो आजच्या उंच मुलींना आखूड पडतो. मग बाहीतून लेसची किनार डोकावते, खालून बूटही दिसतात. पण ही मंडळी बेशिस्त आहेत असे नव्हे. जून आणि सप्टेंबरात बिनअस्तरी, जुलै-ऑगस्टात झिरझिरीत, एरवी अस्तराचा, हा ऋतुक्रम त्यांना ठाऊक असतो. फूल उमलण्याच्या थोडे आधी त्याची नक्षी ल्यावी, उमलल्यावर ती फुलालाच सोडावी, हा संकेतही. 'एका किमोनोला तीन ओबी' ही म्हण त्यांच्या खिशाला परवडते आणि कल्पनेला आव्हानही देते.

संग्रहाची दुसरी वाट नोमुरा शोजिरो यांची. क्योतोच्या या व्यापाऱ्याने (१८७९–१९४३) जुने कोसोदे जमवले. मृताचे वस्त्र देवळास अर्पण करायचे आणि तेथे त्याची आसने शिवायची, अशी रीत असल्याने त्यांना पुष्कळदा तुकडेच हाती लागत. ते तुकडे त्यांनी, वस्त्र दांडीवर टांगले आहे असे वाटावे अशा रीतीने, घडीच्या पडद्यांवर बसवले. असे सुमारे शंभर पडदे साकुरा येथील जपानी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ते नसते तर एदोच्या रंगाऱ्यांची कितीतरी करामत आपणांस कळलीच नसती.

मग वस्त्र जपावे की वापरावे? रेशीम नेसल्याने झिजते, आणि पेटीत ठेवले तरी घडीवर चिरते. जे एकमेव आहे ते नोमुरांप्रमाणे जपावे. जे शेकड्यांनी विणले गेले ते नेसावे, असे आम्हांस वाटते. तुकडा काचेआड शतकानुशतके राहील. पण दोरी किती आवळावी, चालताना पदन्यास कसा ठेवावा, हे ज्ञान काचेआड राहत नाही. ते एका देहाकडून दुसऱ्या देहाकडेच जाते. बंदीत, दुष्काळात आणि परीक्षांच्या धाकातही ज्यांनी हे वस्त्र केवळ आवडीखातर अंगावर घेतले, त्यांच्यामुळेच ते ज्ञान आजवर पोहोचले आहे.