खण, चौक आणि चूल : मराठी घराची वाढ व विभागणी

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे पायाभरणीकडे जाते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली, हे पेशवाईच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तथापि १८२८ च्या फेब्रुवारीत जो वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, तो १७३२ चा वाडा नव्हता. मधल्या काळात नानासाहेबांनी परकोटाचे काम पुरे केले आणि त्यांच्या वंशजांनी गरजेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे महाल वाढविले. जी गोष्ट पेशव्यांच्या वाड्याची, तीच लहान प्रमाणावर पेठेतील कारकुनाच्या, गावच्या कुलकर्ण्याच्या व वतनदार पाटलाच्या घराची. मराठी घर एकदाच बांधून पुरे होत नसे. ते पिढ्यापिढ्यांनी वाढत जाई. ही वाढ कोणत्या नियमाने होत होती आणि ती पुढे का खुंटली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या वाढीचे एकक ‘खण’ हे होय. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे सांगताना जुना मराठी माणूस त्याचे क्षेत्रफळ सांगत नसे. घर किती खणांचे आहे ते सांगे. मेजाचा खण व चोळीचा खण हे प्रयोगही येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. मेजाचा खण हा मोठ्या वस्तूचा एक कप्पा, तर चोळीचा खण हा लांब कापडातून ठराविक मापाने वेगळा केलेला तुकडा. घराच्या खणात या दोन्ही छटा एकत्र येतात. तो मोजता येतो, जोडता येतो आणि प्रसंगी वेगळाही काढता येतो.

या एककामागे बांधणीची एक निश्चित पद्धत आहे. देशावरील वाड्यांत माडीचा व छपराचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असे. दगडी जोत्यावर खांब उभे करावयाचे, खांबांवर तुळया टाकावयाच्या आणि तुळयांवर कडीपाट बसवून वरची जमीन किंवा धाबे करावयाचे, हा त्यातील क्रम होय. बाहेरच्या भिंती जाड असत. आतील भिंतींचे काम मात्र बहुतांशी खांबांमधील जागा भरून काढण्याचे असे. म्हणून एक भिंत काढून दोन खोल्यांची एक करणे, किंवा मध्ये भिंत घालून एकीच्या दोन करणे, यामुळे घराच्या स्थैर्यास सहसा बाध येत नसे. ज्या गुणामुळे हे घर सहज वाढविता येई, त्याच गुणामुळे ते सहज वाटताही येई. पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

वाढीचे प्रकार मुख्यत्वे तीन आढळतात. पहिला चौकाचा. आधी एका बाजूस सोपा असावा, पुढे दुसऱ्या व तिसऱ्या बाजूस तो बांधला जावा आणि चौथी बाजू भरली म्हणजे मधल्या मोकळ्या अंगणाचा चौक व्हावा, अशी ही क्रिया आहे. ‘चौसोपी’ हे विशेषण या पूर्णावस्थेचे नाव होय. कुटुंब आणखी वाढल्यास मागे दुसरा चौक धरला जाई. दुसरा प्रकार माडीचा. तिसरा विशेषतः कोकणात दिसतो. तेथे पावसामुळे छपराची उतरण अपरिहार्य असल्याने वाढ होते ती पाखे खाली उतरवून. त्यातून पडवी तयार होते. मात्र पाखे जितके लांब न्यावे तितकी वळचण खाली येते. वाकून शिरावे लागेल इतकी ती खाली आली म्हणजे पडवीची वाढ थांबते. घाटमाथ्यावरील घराची मर्यादा लाकडाच्या लांबीने ठरे. कोकणातील घराची, पावसाच्या पाण्याने.

घराच्या भागांची नावे पाहिली असता या वाढीचे थर भाषेतही उमटलेले दिसतात. ‘घर’ हा शब्द ‘गृह’ या शब्दाच्या प्राकृत रूपापासून, ‘चौक’ हा ‘चतुष्क’पासून आला आहे, आणि ‘माजघर’ या शब्दातील ‘माज’ म्हणजे प्राकृत ‘मज्झ’, अर्थात मध्य. ‘वाडा’ या शब्दाच्या मुळाशी ‘वाट’ हा संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. म्हणजे या नावाचा मूळ निर्देश इमारतीकडे नसून तिला वेढणाऱ्या हद्दीकडे आहे. ‘माडी’ या शब्दाचे नाते तमिळ ‘माडि’ व कानडी ‘महडी’ यांच्याशी जुळते. दिवाणखाना, जामदारखाना, हौद हे शब्द फारसीच्या द्वारे आले. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, आतल्या चौकाची भाषा देवघर, माजघर, कोठीघर अशी जुनी राहिली आणि बाहेरच्या चौकाची भाषा कारभाराबरोबर फारसी झाली. याला ‘मुदपाकखाना’ हा अपवाद आहे. मूळ अरबी ‘मतबख’ मराठीत येताच लोकव्युत्पत्तीने त्यात संस्कृत ‘पाक’ दिसू लागला. स्वयंपाकघराने परका शब्द घेतला खरा, पण तो आपल्या वळणावर आणूनच.

आता प्रश्न असा की, घरात वाढविलेला खण कोणाचा? याचे उत्तर धर्मशास्त्राने स्पष्ट दिले आहे. सामाईक धनाची वाढ झाली असता विभागणी समान व्हावी, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचे विवरण करताना, अविभक्त भावांपैकी एकाने शेती, व्यापार इत्यादींनी सामाईक धन वाढविले तरी वाढविणाऱ्यास अधिक वाटा नाही, असे सांगितले आहे. हा नियम घरास लावला म्हणजे त्याचा अर्थ असा होतो की, थोरल्या भावाने सामाईक घरावर माडी चढविली तरी ती माडी त्याची होत नाही. ती घराची होते.

या नियमात अन्यायाची शक्यता होती, हे नाकारता येत नाही. परंतु त्याचा एक परिणाम फार महत्त्वाचा होता. घर वाढविणे व घर राखणे ही एकच जबाबदारी राहिली. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, धाब्यावर नवी माती घालणे, वाळवी लागलेली तुळई बदलणे ही कामे कोणाच्या हिश्शाची, हा प्रश्नच उद्भवत नसे. ती कर्त्याची होती आणि तिचा खर्च सामाईक धनातून होई.

कुटुंब फुटल्याचे दर्शक म्हणून मराठीने निवडलेला शब्द भिंत हा नव्हे, तर चूल हा आहे. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे कुटुंब विभक्त झाले. प्रत्यक्ष घरातील क्रमही बहुधा तसाच असे. आधी एखाद्या सोप्याच्या कोपऱ्यात दुसरी चूल मांडली जाई, मग तेथे आडोसा येई आणि वाटणीपत्र झाल्यावर भिंत. खण हे वाढीचे एकक होते, ते आता वाटणीचे एकक झाले. चौक, विहीर, जिना व दिंडी दरवाजा मात्र बहुधा सामाईक राहत. कारण त्यांची वाटणी केली असता कोणासच उपयोग उरत नसे. या पद्धतीची परिसीमा माळव्यातील देवास येथे पाहावयास मिळते. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात राजधानी करून नांदत होती आणि गावच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळ्या दरबारांचा अंमल होता.

इंग्रजी अमदानीतील कायद्यांनी राहत्या घरास काही संरक्षण दिले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्यास कुटुंबीयांसह एकत्र ताब्याचा हक्क मिळत नाही. १८९३ च्या विभाजन अधिनियमाने, अशा परक्याने वाटणी मागितल्यास त्याचा हिस्सा योग्य किमतीस विकत घेण्याची मुभा कुटुंबातील हिस्सेदारांस दिली. हे रक्षण परक्यापासून होते. घरातलीच एक व्यक्ती मात्र दीर्घकाळ परकी मानली गेली. ती म्हणजे मुलगी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिला वारसा दिला. पण त्याच्या २३ व्या कलमाने, पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करीत नाहीत तोपर्यंत राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला प्रतिबंध केला. अविवाहित, परित्यक्ता, पतीपासून विभक्त किंवा विधवा मुलीस तेवढा राहण्याचा हक्क होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या दुरुस्तीपूर्वी विवाह न झालेल्या मुलींस सहदायाद केले. २३ वे कलम रद्द होण्यास मात्र २००५ साल उजाडावे लागले. ‘माहेर’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘मातृगृह’ अशी आहे. भाषेने जे घर आईचे म्हणून मुलीशी जोडले होते, त्याच्या चौकटीत कायद्याने तिला हिस्सेदार म्हणून यावयास इतकी शतके लागली.

विसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरी खणाचा तिसरा उपयोग झाला, तो भाड्याचा. वाटणीने लहान झालेले हिस्से भाडेकरूंस दिले जाऊ लागले. १९४७ च्या मुंबई राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि त्याच वेळी दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर ठेवले. भाडेकरूस त्याने निःसंशय आधार दिला. परंतु उत्पन्न गोठलेले व खर्च वाढता, अशा स्थितीत हे कर्तव्य कागदावर राहिले. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या जुडणीतील कित्येक वाडे कोसळले. १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. पुण्यातील वाड्यांस तो आधार नव्हता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेईपर्यंत अनेक घरांच्या तुळया केव्हाच वाकल्या होत्या.

वाडे का पडले, याची कारणे सांगताना लाकूड, माती, पाऊस व पूर यांचा उल्लेख नेहमी होतो. ती कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. तेच लाकूड व तीच माती दोन-दोन शतके टिकली, ती दरवर्षी कोणीतरी छपरावर चढत होते म्हणून. ज्या घरास दहा मालक व वीस भाडेकरू झाले, त्याच्या छपरावर चढण्याचा हक्क अनेकांस होता; चढण्याचे बंधन कोणासच उरले नव्हते.

जतनाच्या आजच्या प्रयत्नांस याचा विचार करणे भाग आहे. मराठी घराचे ‘मूळ’ रूप कोणते, हा प्रश्न फारसा फलदायी नाही, कारण वाढणे हाच त्याचा मूळ धर्म होता. कोरीव खांब व महिरपी यांचे जतन अवश्य व्हावे. तथापि तेवढ्याने घर जतन होत नाही. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबाकडे परत जाता येणार नाही, आणि ज्या व्यवस्थेत मुलीस हिस्सा नव्हता तिच्याकडे जाऊही नये. परंतु घरातील हिस्से कितीही झाले तरी छप्पर एक असते, ही त्या व्यवस्थेची जाणीव आजही टाकाऊ नाही. नव्या वाटणीपत्रांत खणांची मोजणी बिनचूक असते. शाकारणीचा खर्च कोणी व कोणत्या प्रमाणात करावयाचा, याचे कलमही त्यांत तितक्याच काटेकोरपणे असावयास हवे.