सुधीर कक्कर : मनोविश्लेषकाची घडण आणि समन्वयाचा प्रश्न

सुधीर कक्कर (1938-2024) यांच्या मनोविश्लेषणाचा उल्लेख बहुधा ‘पूर्व-पश्चिम समन्वय’ अशा सोयीस्कर शब्दांत केला जातो. हा समन्वय कोणत्या घडणीतून आला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

गुजरात विद्यापीठाची यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी, मानहाइम येथे व्यवसाय-अर्थशास्त्र, व्हिएन्नात अर्थशास्त्रातील डॉक्टरेट : या शिक्षणक्रमात मानसशास्त्र कोठेच नाही. 1964 साली अहमदाबादेत त्यांना एरिक एरिक्सन भेटले. मूळचे चित्रकार असलेल्या एरिक्सन यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गुरूच्या सहवासातून विद्या मिळवण्याची आपल्याकडील रीत कक्करांना एका पाश्चात्त्याच्या ठायी गवसावी, ही गंमतच म्हणायची.

1971पासून त्यांनी फ्रँकफुर्टच्या सिग्मंड फ्रॉइड संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेतले. मनोविश्लेषकाला प्रथम स्वतःचे विश्लेषण करवून घ्यावे लागते. कक्करांचे ते जर्मन भाषेत झाले. बालपणीची माया, भय आणि लज्जा ज्या बोलीत रुजल्या, ती बोली त्या दालनात नव्हती. आठवण अनुवादित होऊनच उच्चारली जात होती. या अनुभवाविषयी त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे अशी जागा हीच आहे. भाषा बदलली की आशय तोच राहून केवळ वेष बदलतो, हे गृहीतक येथे ढासळते.

1975च्या सुमारास ते दिल्लीत व्यवसाय करू लागले. तेथील रुग्णांना तटस्थ श्रोता नको होता. त्यांना मार्ग दाखवणारा गुरू हवा होता. 1982च्या ग्रंथात कक्कर मेहंदीपूरचे बालाजी मंदिर, दिल्लीतील पीर, तिबेटी वैद्य आणि आयुर्वेद यांच्याकडे वळले ते या पार्श्वभूमीवर. मात्र त्यांचे विधी त्यांनी उसने घेतले नाहीत. त्यांची पद्धती फ्रॉइडचीच राहिली. बदलली ती स्वयंपूर्ण, एकट्या व्यक्तीची फ्रॉइडप्रणीत कल्पना. तंत्रांची बेरीज म्हणजे समन्वय, असे मानणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

तरीही एक उणीव उरते. ‘द इनर वर्ल्ड’मधील (1978) हिंदू बालपण पुराणकथा आणि उच्चवर्णीय एकत्र कुटुंब यांच्या आधारे रेखाटले आहे. त्याच वर्षी मराठीत दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यातील बालपणाला गावकीने आणि जातीने दिलेला आकार कक्करांच्या त्या चौकटीत मावत नाही.