गाण्यावरचा खटला

मंडळी, आज ज्या संगीताबद्दल लिहितेय ते माझ्या कानांना झेपत नाही, हे आधीच सांगते. माझे कान माणिकताई आणि कुमारजींवर वाढलेले. पण नातवाच्या खोलीतून हेवी मेटलचा गडगडाट सुरू झाला की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "असलं ऐकून पोरांची डोकी फिरतात." इतकी वर्षं इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. एखादं वाक्य ऐकलं की ते आलं कुठून, ते शोधायचं. तर हे वाक्य चक्क कोर्टाची पायरी चढून आलेलं आहे!

हे संगीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं, म्हणजे कारखान्यांच्या गावचं. 'ब्लॅक सबाथ'चा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. बोटांना टोप्या चढवून तो वाजवत राहिला, पुढे तारा सैल केल्या आणि सूर खाली उतरून जड झाला. १९७० साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. त्याच वर्षीच्या 'पॅरानॉइड' या गाण्यात उदास, बेचैन मनाचंच वर्णन आहे. म्हणजे मनाचं दुखणं या संगीतात पहिल्यापासून आहे.

अमेरिकेत १९८५ साली यावर थेट सिनेटमध्ये सुनावणी झाली. मग रेकॉर्डवर पालकांसाठी इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लागू लागल्या. त्याच वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी नेवाडा राज्यातल्या स्पार्क्स गावी १८ आणि २० वर्षांच्या दोन मित्रांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एक तिथेच गेला. दुसरा भयंकर जखमा घेऊन आणखी तीनेक वर्षं जगला. त्या दिवशी दोघं 'जुडास प्रीस्ट'ची रेकॉर्ड ऐकत होते. घरच्यांनी बँडवर आणि रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला.

पण गाण्याच्या शब्दांना अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण. ऑझी ऑस्बर्नवरचा असाच दावा कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर टिकला नव्हता. म्हणून इथे वकिलांनी वेगळा मुद्दा काढला: गाण्यात 'कर' अशा अर्थाचा आदेश लपवला आहे, तो कानाला कळत नाही पण मनाला पोचतो. १९९० च्या उन्हाळ्यात रेनो शहरात खटला चालला. गायक रॉब हॅलफर्डला कोर्टात गाऊन दाखवावं लागलं! ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला. तसा आवाज ऐकू येतो खरा, पण तो श्वास आणि गिटार योगायोगाने एकत्र आल्यामुळे. मुद्दाम घातलेला नाही. बँड सुटला. मूळ टेप हजर केल्या नाहीत म्हणून कंपनीला मात्र ४०,००० डॉलर भरावे लागले.

मला त्या टेपपेक्षा दुसरंच काही महत्त्वाचं वाटलं. सुनावणीत त्या मुलांचं आयुष्य उघड झालं. अर्धवट सुटलेली शाळा, घरातली मारहाण, दारू, नशा. हे सगळं त्या गाण्याच्या आधीपासून होतं. रेकॉर्ड उलटी फिरवून ऐकायला माणसं तयार होती. त्या पोरांचं सरळ म्हणणं कुणी किती ऐकलं असेल?

पुढे संशोधनही झालं. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात मेटलच्या ३९ चाहत्यांना आधी जुन्या रागाच्या आठवणी काढायला लावल्या. मग काहींना दहा मिनिटं त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसवलं. संगीताने राग भडकला नाही. शांत बसणाऱ्यांइतकेच तेही निवळले, शिवाय त्यांना हुरूप आला. प्रयोग लहान, आणि तोही चाहत्यांवरच केलेला. उलट बाजूही सांगायला हवी. या संगीताची ओढ आणि तरुणांमधली निराशा एकत्र आढळल्याचे अभ्यासही आहेत. पण एकत्र आढळलं म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं नव्हे. दुखावलेलं पोर आपल्या दुःखाशी जुळणारा सूर शोधत तिथे पोचलेलं असू शकतं.

आणि हे काही नवं नाही. गटेच्या 'वेर्थर' कादंबरीवर लाइपझिगमध्ये १७७५ साली याच भीतीने बंदी आली होती. आमच्या स्टाफरूममध्येही एखादा मुलगा बिघडला की सिनेमावर खापर फुटायचं.

म्हणून मला वाटतं, दार आपटून "बंद कर ते" म्हणण्याआधी आत जाऊन बसावं. ऐकल्यावर तुला मोकळं वाटतं की आणखी जड, एवढंच विचारावं. जड वाटतं असं उत्तर आलं, झोप-जेवण उडालं असेल, तर गाण्याशी भांडत न बसता मदत घ्यावी. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मराठीतूनही बोलता येतं.

असो. आवाज थोडा कमी कर, एवढं म्हणायचा हक्क मात्र आजीने राखून ठेवला आहे!