इंग्रजी अलंकारांची नावे

'आयरनी', 'मेटॅफर', 'हायपरबली' हे शब्द आपण शाळेत इंग्रजी म्हणून पाठ केले. पण ते मूळचे इंग्रजांचे नव्हेत; ग्रीकांचे, लॅटिनच्या वाटेने आलेले. इंग्रजांनी आपल्या अलंकारांना घरची नावे का दिली नाहीत? दिली होती, टिकली नाहीत.

सोळाव्या शतकात वक्तृत्वशास्त्र शिकायचे ते लॅटिनमधून. इंग्रजी ओबडधोबड, अशी पुष्कळ पंडितांची समजूत. अशा काळी, १५५३ साली, टॉमस विल्सनने वक्तृत्वकलेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. उसन्या शब्दांनी भाषा फुगवणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. त्यांची फजिती करण्यासाठी लिंकनशायरच्या कोणा गृहस्थाचे, चर्चमधील रिकामी जागा मागणारे एक पत्र त्याने नमुना म्हणून छापले. साध्या माणसाला त्यातले एक वाक्य धड कळेल तर शपथ! (आपल्याकडील काही सरकारी पत्रे आम्हांस येथे आठवतात.)

हा ग्रंथ त्याला महाग पडला. प्रॉटेस्टंट विल्सन रोममध्ये असता इन्क्विझिशनने त्याला पाखंडाच्या आरोपावरून पकडले, आणि पुरावा म्हणून त्याचीच पुस्तके पुढे केली. १५५९ मध्ये पोप चौथा पॉल वारला, खवळलेल्या जमावाने तुरुंग फोडला, म्हणून तो वाचला. मायदेशी परतल्यावर पुस्तक सुधारून द्या, असा आग्रह झाला. त्यावर, आधी पुस्तकानेच माझी भरपाई करावी, असे उत्तर त्याने १५६० च्या आवृत्तीत छापले.

घरच्या नावांचा खटाटोप पुढे १५८९ मध्ये झाला. काव्यकलेवरील एका निनावी ग्रंथात (तो जॉर्ज पटनमचा मानतात) प्रत्येक ग्रीक नावाशेजारी इंग्रजी नाव आले. भर पावसात छत्री उलटल्यावर 'वा, काय सुरेख हवा!' म्हणावे, ती आयरनी. पटनमने तिला 'कोरडी टवाळी' म्हटले. हायपरबलीला, म्हणजे आपल्या अतिशयोक्तीला, 'मोठ्याने खोटे बोलणारा' ठरवले. एकच शब्द लागोपाठ उच्चारण्याला तर त्याने ककू पक्ष्याच्या सादेवरून नाव दिले.

ही नावे आम्हांस तरी ग्रीक नावांहून बोलकी वाटतात. परंतु शाळांतून मुले लॅटिन घोकत होती, ग्रीक नावे त्यांच्या जिभेवर बसलेली होती. नव्या नावांना विचारतो कोण? आपणही उपमा, उत्प्रेक्षा ही नावे संस्कृतातूनच घेतली. मात्र ती आपल्याला परकी वाटत नाहीत. पटनमची नावे ग्रंथातच राहिली. तरी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता केलेल्या थट्टेला इंग्रज माणूस आजही 'कोरडी' म्हणतो.