एरंडेल पिणारा ट्रक

माणसाच्या प्रगतीत एरंडेलाचा वाटा किती, हे आपल्या इतिहासकारांनी कधी मनावर घेतलेलं दिसत नाही. आमच्या पिढीला एरंडेल माहीत आहे ते रविवारी पहाटे आजीने एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने घशात ओतलेलं. त्यानंतरचा रविवार कुठे जाई ते सांगायला नको. पण पहिल्या महायुद्धात (1914 ते 1918) जी विमानं लढली, त्यांतल्या पुष्कळांच्या नाकावर नोम किंवा ल रोन जातीची इंजिनं असत आणि त्यांनाही एरंडेलच लागे. या इंजिनांत सिलिंडरांचा सगळा घेरच गरगर फिरायचा. इंधन आणि वंगण दोन्ही त्यातूनच जायचं, आणि पेट्रोलात सहजी न विरघळणारं वंगण म्हणजे एरंडेल. काम झालं की हे तेल परत टाकीत वगैरे येत नसे, सरळ बाहेर उडायचं. मागे उघड्यावर वैमानिक बसलेला! समोर शत्रू आणि नाकातोंडात एरंडेल. शौर्यपदकं देणाऱ्यांनी ती यांतल्या नक्की कुठल्या धैर्याबद्दल दिली, हे एकदा तपासलं पाहिजे.

हा अभ्यास मला बँकेतून निवृत्त झाल्यावर करावा लागला, तो आमच्या अमेरिकेतल्या भाच्यामुळे. दर दोन वर्षांनी हा पुण्याला येतो आणि बदाम आणि साबण आणतो. गेल्या खेपेला मात्र बॅगेतून दीड हात लांबीचा, मोठमोठ्या चाकांचा एक ट्रक काढून त्याने आमच्या हॉलच्या मधोमध ठेवला.

"मामा, कॉलेजात असताना घेतला होता. आता हा तुमच्या नातवाला."

"फार छान खेळणं आहे," मी म्हणालो.

"आजोबा, खेळणं काय म्हणता? मॉडेल आहे ते!" नातू म्हणाला. वय वर्षं तेरा. या वयात चुकीचे शब्द वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मनात जी करुणा असते, ती त्याच्या चेहऱ्यावर होती.

हा ट्रक रेडिओवर चालणारा आणि 'नायट्रो' म्हणजे खऱ्याखुऱ्या इंजिनाचा होता. 1999 साली टेक्सासमधल्या ट्रॅक्ससने 'टी-मॅक्स' काढला, मागोमाग 2002 साली एचपीआयचा 'सॅव्हेज' आला, आणि अमेरिकेतल्या अंगणांतून या राक्षसी ट्रकांचा एकच धुमाकूळ सुरू झाला. आमचा त्याच काळातला. साडेतीन सीसीचं, सुपारीच्या डबीएवढं इंजिन, पण मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं. माझ्या स्कूटरचं इंजिन दीडशे सीसीचं होतं आणि तीस हजारांवर ते फक्त किलोमीटरच्या आकड्यात गेलं.

ट्रक आला पण इंधन आलं नाही, कारण असलं इंधन विमानात नेऊ देत नाहीत. भाच्याने टाकीसुद्धा धुऊन कोरडी करून आणली होती. पुढे मॉडेल विमानं उडवणाऱ्या एका सद्गृहस्थांकडून डबा मिळाला. डब्यावर लिहिलं होतं: मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि कॅस्टर ऑइल. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साठ वर्षांपूर्वी मला पाजलेलं एरंडेल आता हा ट्रक पिणार होता!

मेथॅनॉल म्हणजे शुद्ध विष, म्हणून डबा माझ्या ताब्यात, कुलपात. जळतं मुख्यतः तेच. नायट्रोमिथेनच्या पोटातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं आणि जोर वाढतो. आणि एरंडेल मेथॅनॉलमध्ये छान मिसळतं, कितीही तापलं तरी पोलादाला चिकटून राहतं. हल्ली त्याच्या जोडीला कृत्रिम तेलही घालतात, पण धुराला वास एरंडेलाचाच. पहिल्या दिवशी तो वास आला आणि मी नकळत नाक दाबलं.

या इंजिनातला खरा चमत्कार म्हणजे त्याचा प्लग. पूर्वी मॉडेलांच्या इंजिनांना स्कूटरसारखा ठिणगीचा प्लग असे. त्याला कॉइल हवी, कंडेन्सर हवा, बॅटरी हवी. म्हणजे नवरदेवापेक्षा वऱ्हाडाचंच वजन जास्त. 1947 साली रे आर्डेन नावाच्या अमेरिकनाने बाजारात 'ग्लो प्लग' आणला. प्लॅटिनमच्या तारेचं एक बारीकसं वेटोळं. सुरुवातीला बाहेरून दीड व्होल्टची बॅटरी लावून ते तापवायचं. इंजिन एकदा धरलं की बॅटरी काढून घ्यायची. मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे आपोआप उष्णता निर्माण होते आणि तार लाल ती लालच राहते. सगळं वऱ्हाड घरी पाठवलं, नवरदेव एकटा घोड्यावर! पुढच्या पन्नास वर्षांतली बहुतेक मॉडेल इंजिनं या वेटोळ्यावर चालली.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला हे प्लगपुराण कशाला? तर त्याचं असं आहे, की टू-स्ट्रोक इंजिन ही माझ्या आयुष्यातली एकमेव तांत्रिक विद्या. चोवीस वर्षं मी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली, म्हणजे निम्मा वेळ चालवली आणि उरलेला वेळ चालू केली. प्लगमध्ये कचरा आला तर तो काड्यापेटीच्या कडेवर घासायचा, ओव्हरफ्लो झालं तर प्लग काढून कोरड्या किका मारायच्या, आणि काहीच जमलं नाही तर स्कूटर एका अंगावर आडवी करून परत उभी करायची. यातलं शेवटचं का उपयोगी पडे, ते आमच्या पिढीत कोणी विचारलं नाही. सत्यनारायणाला प्रसाद का, असं कोण विचारतं?

ही विद्या एकाएकी फळाला आली. ट्रकाच्या इंजिनाला किकऐवजी दोरी असते. नातू ओढून ओढून घामाघूम झाला आणि दोरी मध्येच जाम झाली. "मोटर बिघडली, आजोबा." मी म्हटलं, बिघडली नाही, जास्त प्यायली आहे. प्लग काढला, वर फडकं धरलं, दोरी दोनदा ओढली. जादा इंधन फस्सकन बाहेर आलं. प्लग पुसून बसवला आणि तिसऱ्या ओढीला इंजिनाने जी किंकाळी फोडली, त्यावर शेजारच्या तीन इमारतींतली कुत्री भुंकायला लागली. नातवाने माझ्याकडे पाहिलं. मराठी माध्यमात शिकलेल्या आजोबांकडे इंग्रजी माध्यमातला नातू असं फार क्वचित पाहतो.

पुढचे दोन महिने आमचे रविवार असे गेले. कार्बोरेटरच्या सुया पाव-पाव आटा फिरवायच्या आणि कान देऊन ऐकायचं. इंधन जास्त झालं की इंजिन सर्दी झाल्यासारखं घोगरं बोलतं आणि निळसर धूर टाकतं. कमी झालं की आवाज चढत चढत जातो, तो गोड लागतो, पण तेव्हाच ते तापून मरायच्या वाटेवर असतं. इंजिन किती तापलंय ते पाहायला डोक्यावर पाण्याचा थेंब टाकतात. लगेच चर्रकन उडाला तर जास्त तापलं. हे आमच्या हिला सांगितलं तर म्हणाली, "मग धिरड्याचा तवा मी आजवर कसा बघत होते?"

तिसऱ्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. माणूस सज्जन. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की रविवारी सकाळी आठ वाजता हा आवाज ऐकून त्यांच्या मातोश्रींना दातांच्या डॉक्टरची आठवण होते. शिवाय डबा संपत आला होता आणि दुसरा मिळायला महिना लागणार होता. नातवाने एक व्हिडिओ पाहून जाहीर केलं, "आजोबा, आपण ब्रशलेस करू या."

ब्रशलेस म्हणजे काय, ते मराठी घरात समजावणं सोपं आहे. मिक्सर मध्येच बंद पडतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "कार्बन गेलेत." ते कार्बन म्हणजेच ब्रश. साध्या मोटरीत तारांची वेटोळी फिरतात आणि फिरत्या वेटोळ्यांना वीज पोचवायला कोळशाचे दोन ठोकळे त्यांच्या कड्यावर सतत घासत राहतात. घासलं की झिजणं आलं, ठिणग्या आल्या, जळका वास आला. 1962 साली विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी अशा मोटरीवर निबंध लिहिला, जिच्यात ही घासाघाशी नाहीच. वेटोळी स्थिर ठेवायची, लोहचुंबक फिरवायचे, आणि कुठल्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यायची ते ट्रान्झिस्टरनी ठरवायचं. हल्ली आपल्या डोक्यावर फिरणारे 'बीएलडीसी' पंखे याच कुळातले. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खायचा तिथे हे तिसाच्या आसपास भागवतात.

मला वाटत होतं, वीज ही या क्षेत्रात नवी सून. उलट निघालं. वीज इथली थोरली. 1834च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये टॉमस डेव्हनपोर्ट नावाच्या लोहाराने विजेची मोटर बनवली आणि तिच्यावर चालवली ती गोल रुळावरची छोटीशी गाडी. म्हणजे खेळणंच! (माफ करा, मॉडेल.) तारांवर गुंडाळायला रेशीम हवं होतं, म्हणून बायकोने आपल्या लग्नाचा पोशाख फाडून दिला असं सांगतात. हे मी हिला मुद्दाम सांगितलं नाही; आमच्या कपाटातला शालू तसाही हात लावायचा नसतो. 1837 साली डेव्हनपोर्टला पेटंट मिळालं, पैसा मिळाला नाही. त्या काळच्या बॅटऱ्या जस्त खायच्या, आणि जस्तापेक्षा कोळसा स्वस्त. 1851 साली तो गरिबीतच गेला.

रेडिओवर चालणारं पहिलं यानही बॅटरीवरचंच. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात लोखंडी बोट सोडली आणि दूर उभं राहून ती वळवून दाखवली. लोकांना ती भुताटकी वाटली. टेस्लाही वस्ताद, म्हणे, बोटीला चौसष्टचं घनमूळ विचारा, आणि बोटीचे दिवे चार वेळा लुकलुकले. आणि इंजिन काढून वीज बसवायचा आमचा उद्योगही नवा नव्हे. 30 जून 1957 रोजी इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे मॉडेल विमान विजेवर उडवलं. ते मुळात छोट्या डिझेल इंजिनासाठी आखलेलं; त्यांनी मोटर आणि चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या घातल्या.

तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षं किंकाळ्या फोडत गेली ती इंजिनं, ही खरं म्हणजे मधल्या काळातली बदली कामगार. कायम नोकरी विजेची. ती नुसती रजेवर होती, चांगल्या बॅटरीची वाट बघत. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत निओडिमियमचे जबर लोहचुंबक निघाले, 1991 साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि रजा संपली.

आमचं परिवर्तन दिवाळीच्या सुट्टीत झालं. इंजिन, सायलेन्सर, टाकी, क्लच, ब्रेकच्या काड्या, सगळं निघालं. मोटर आणि तिला वीज वाटून देणारा कंट्रोलर भाच्याने पाठवला. मोटर बसवायची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कापून घेतली. इंजिनाच्याच चार भोकांत ती बसली. बारीकसारीक वायरी तपकीर गल्लीतून. मोटरीचं दातेरी चाक मोठ्या चाकाशी किती घट्ट भिडवायचं, याचं गणित फार सुंदर आहे: मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालायची, दोन्ही दाबून स्क्रू आवळायचे, आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. तेवढीच फट हवी. रविवारच्या पुरवणीचा इतका नेमका उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता. टाकीच्या जागी बॅटऱ्या, तीन-तीन सेलच्या दोन, एकामागे एक जोडल्या की बावीस व्होल्ट. मोटर व्होल्टमागे दोन हजार फेऱ्यांची. मोकळी सोडली तर मिनिटाला चव्वेचाळीस हजार!

या बॅटऱ्या चिडल्या तर पेट घेतात, म्हणून त्या चिनीमातीच्या भांड्यात ठेवाव्यात असं कळलं. नातवाची नजर लोणच्याच्या बरणीकडे गेली. हिने फक्त "हं" म्हटलं. बॅटऱ्या तुळशीच्या जुन्या कुंडीत राहतात.

पहिल्या दिवशी प्लग जोडताना चट्कन ठिणगी उडाली, तेवढाच काय तो समारंभ. दोरी नाही, वास नाही, सुया नाहीत. नातवाने बोट दाबलं, आणि ट्रक पुढची दोन्ही चाकं उचलून मागच्या मागे उताणा पडला. विजेच्या मोटरीचा जोर शून्यापासूनच पुरा असतो, इंजिनासारखा आवाज चढवत येत नाही. जुनी प्लॅस्टिकची दाती दुसऱ्या दिवशी साफ भुगा झाली, पोलादाची घातली. तेव्हापासून तक्रार नाही. मागेही जातो, आणि सेक्रेटरी गॅलरीतून कौतुकाने पाहतात.

माझं मत विचाराल तर विजेचा ट्रक सर्व बाजूंनी चांगला आहे, आणि हे मी नाराजीने सांगतो आहे. त्याला माझी गरज पडेल असा एकही भाग त्यात नाही. बिघडलाच तर कंट्रोलरचा दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजून पुस्तिकेत पाहायचं. (टेस्लाची बोट तरी घनमूळ सांगायची.) नातू आता एकटाच खाली जातो, पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी संपवून वर येतो.

काढलेलं इंजिन माझ्या टेबलावर आहे. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, आतली बेअरिंगं गंजतात. म्हणून दर एक तारखेला मी त्यात तेलाचे चार थेंब सोडतो आणि फ्लायव्हील हाताने फिरवतो. परवा भंगारवाला आला तेव्हा हिने ते पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं.

"आजी, ते आजोबांचं आहे," नातू म्हणाला आणि उचलून परत टेबलावर ठेवलं. जाता जाता त्याने दोरी हलकेच एकदा ओढून पाहिली.

"कॉम्प्रेशन आहे अजून," म्हणाला, आणि ट्रक काखेत मारून जिना उतरला.